मदत हवी आहे: एक नंबर, सात स्वयंसेवक, फोन फिरवायचा कसा?
यवतमाळजवळच्या गावांसाठी संध्याकाळी ६ ते १० मन मोकळं करायची हेल्पलाइन सुरू करतोय. सात स्वयंसेवक, आपापल्या घरून. महिन्याला १५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च झेपणार नाही. प्रशिक्षण झालंय; जिवावर बेतलेलं असेल तर ११२, पुढच्या उपचारासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हे ठरलंय.

अडलंय फोनपाशी. सध्या एक बटणाचा फोन डब्यासारखा या घरून त्या घरी फिरतो, चार्जर मागे राहतो तो वेगळाच! कॉल फॉरवर्डिंग केलं, पण ते एकाच नंबरवर जातं. लोक मिस्ड कॉल देतात. उलट फोन केला की स्वयंसेवकाचा खासगी नंबर उघडा पडतो. फोन करणाऱ्यांकडे साधे फोन, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बाद. रेकॉर्डिंग नको.

एकाचा फोन बिझी असला की दुसऱ्याकडे जाईल आणि उलट कॉललाही हेल्पलाइनचाच नंबर दिसेल, अशी सोय एवढ्या पैशांत कोणी चालवतंय का? कशी?