ओगनेसनला राजवायूंच्या रकान्यात कशाच्या जोरावर बसवलंय?

शंकेखोर: ११८व्या मूलद्रव्याचे, ओगनेसनचे, आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणू सापडलेत. अर्धायुष्य एक मिलिसेकंदही नाही. त्याची कशाशी अभिक्रिया झालेली कुणी पाहिलेली नाही, तरी आवर्तसारणीत स्वारी निऑन-आर्गॉनसारख्या, सहसा कशाशीच अभिक्रिया न करणाऱ्या राजवायूंच्या रकान्यात ऐटीत! केंद्रक म्हणा हवं तर, मूलद्रव्य कशाला?

अणुरेणू: अहो, भौतिकशास्त्रज्ञ मोझलीपासून सारणी अणुक्रमांकावर, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येवर चालते. प्रोटॉन ११८ आहेत ना? विषय संपला. आणि केंद्रक निदान किती टिकावं याचाही निकष आहे: एका सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग करा, त्यातला एक. भोवती इलेक्ट्रॉन जमायला साधारण तेवढा वेळ लागतो. ओगनेसन त्याच्या अब्जावधी पट टिकतो.

शंकेखोर: चौकट दिली, मान्य. रकान्याचं काय? आकडेमोड तर म्हणते की हा 'वायू' साध्या तापमानाला घन असेल. हे कसले राजवायू!

जडपाणी: एकेका अणूवरही रसायनशास्त्र होतं हो. कोपर्निशियमचे (११२) अणू वायूच्या झोतातून एका अरुंद मार्गिकेत सोडले. आत सोन्याचा मुलामा, एक टोक कोमट, दुसरं अतिथंड. अणू सोन्याला जिथे चिकटतो तिथेच त्याचा किरणोत्सारी ऱ्हास होतो आणि जागा नोंदली जाते. जितका थंड टोकाकडे, तितका बंध कमजोर. कोपर्निशियम आपल्याच रकान्यातल्या, वरच्या पाऱ्याच्याही पुढे जाऊन बसला. शिशाखालचा फ्लेरोव्हियम (११४) तर शिशापेक्षा कितीतरी बाष्पनशील निघाला. अशा जड अणूंच्या आतले इलेक्ट्रॉन इतके वेगवान की आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे परिणाम दिसू लागतात. पारा द्रव आणि सोनं पिवळं असण्यामागेही तेच कारण आहे.

शंकेखोर: म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं की! खालच्या ओळीत रकान्याचा भरवसा उरत नाही.

जडपाणी: पण हे कळलं कशावरून? रकान्यावरून अंदाज बांधला, तो चुकला, म्हणून. अंदाजच नसता तर चुकलं काय, हे तरी कसं समजलं असतं?

अणुरेणू: त्यात ते अणू काही सेकंद जगतात, म्हणून सोन्यापर्यंत पोचले. ओगनेसन वाटेतच संपेल. जास्त न्यूट्रॉनवाला, टिकाऊ समस्थानिक हाती लागेपर्यंत हा वाद मिटायचा नाही.

शंकेखोर: तोवर ती चौकट राखाडी ठेवा, काही तक्त्यांत ठेवतात तशी. निऑनच्या रंगात रंगवू नका, एवढंच मागणं आहे.

अणुरेणू: रंगाला माझी हरकत नाही. जागा मात्र तीच राहणार.