मदत हवी आहे: जेलीच्या गोळ्या फुगायच्या सोडून विरघळतायत

प्रयोगवही: आठवीसाठी परासरणाचा (पाणी पातळ पटलातून, म्हणजे पडद्यातून, कमी दाट द्रावणाकडून जास्त दाट द्रावणाकडे जाण्याचा) प्रयोग बसवतोय. तीन ग्लास: साधं पाणी, मिठाचं (१०० मिलीला १० ग्रॅम), साखरेचं (१०० मिलीला ५० ग्रॅम). प्रत्येकात २०० मिली द्रावण आणि अस्वलाच्या आकाराची एक जेली. सकाळी पाहावं तर साध्या पाण्यात नुसता चिकट गाळ. मिठाच्या पाण्यातलीचं वजन जैसे थे. काटा स्वयंपाकघरातला, १ ग्रॅमचा. नेमकं काय बिघडतंय?

मोजपट्टी: पाकिटावर हिरवी खूण आहे का? असेल तर ती जेली पेक्टिनची (फळांतला घट्टपणा आणणारा पदार्थ) किंवा स्टार्चची असणार. पेक्टिनची जेली साखर आणि आंबटपणाच्या जोरावर उभी असते. साखर पाण्यात उतरली की तिचं जाळं सुटतं. घटकांत ‘जिलेटिन’ लिहिलेली घ्या. ते प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे मुलांना आधी सांगा आणि भिजलेली गोळी कुणी तोंडात टाकणार नाही हे बघा. वरून साखर भुरभुरलेली आंबट जेली नको, तिचा थर धुऊन जातो आणि वजन उगाच घटतं.

प्रयोगवही: बरोबर, पेक्टिनच निघालं. जिलेटिनची आणली की काम झालं?

मोजपट्टी: उन्हाळ्यात नाही. पाणी ३० अंशांच्या पुढे गेलं की जिलेटिनही सैल पडायला लागतं, फुगलेली गोळी तर आधी. फ्रिज उत्तम, पण मग तिन्ही ग्लास फ्रिजमध्येच. एक आत, दोन बाहेर असं केलं तर तापमानाचाच फरक मोजाल.

प्रयोगवही: शाळेत फ्रिज नाही.

मोजपट्टी: माठातलं पाणी वापरा. ग्लास परातीत ठेवून परातीतही तेच पाणी घाला, वर ओलं फडकं टाका. पहिल्या तासाला सुरू करून दर तासाला मोजा. चार तासांत फरक दिसतो, रात्रभर ठेवायची गरज नाही.

तराजू: वजनाचा घोळ वेगळा आहे. अडीच ग्रॅमची गोळी १ ग्रॅमच्या काट्यावर कधी २ दिसेल, कधी ३. एकाच रंगाच्या १० गोळ्या एकत्र तोला. पण मग २०० मिली पाणी पुरणार नाही: २५ ग्रॅम गोळ्यांमधली बरीचशी साखर बाहेर येते आणि साधं पाणी साधं राहत नाही. अर्धा लिटर तरी घ्या, तिन्हीकडे सारखंच. गोळ्या चिमट्याने उचलू नका, तुटतात. झाऱ्याने काढून टिश्यूवर अलगद टेकवा, दाबू नका. दाबलं की पाणी निघून जातं आणि प्रत्येक गटाचा आकडा निराळा येतो. नंतरच्या वजनातून आधीचं वजा, भागिले आधीचं, गुणिले १००. आलेख या टक्क्यांचाच काढा.

प्रयोगवही: लांबीही मोजू का?

तराजू: मोजा, पण एकट्या लांबीवर जाऊ नका. गोळी रुंदीत आणि जाडीतही फुगते. लांबी दीडपट झाली आणि बाकी दोन्हीही तितकीच वाढली, तर आकारमान जवळजवळ ३.४ पट होतं. मुलांना हे गणित करू द्या, इथे वर्ग जागा होतो.

मोजपट्टी: एक तांत्रिक आक्षेप. जेलीला पेशीसारखं पटल नसतं. जिलेटिनचं जाळं पाणी धरून ठेवतं, साखर बाहेर येते, मीठ थोडं आतही शिरतं. म्हणून वहीत ‘परासरण’ नको, ‘फुगणं’ लिहा. परासरणच दाखवायचं असेल तर बाजूला बेदाणे ठेवा: काही साध्या पाण्यात, काही साखरेच्या घट्ट पाकात.

प्रयोगवही: मग बेदाणेही १०-१० तोलतो.

तराजू: देठ काढून तोला, आणि फाटलेले बाजूला टाका.