ट्रॉलीच्या ॲक्सलला दुसऱ्या दिवशी तडा: वेल्डर चुकला की रॉड?

शिरोलीकर

मंडळी, चार दिवस डोकं उठलंय म्हणून विचारतोय. आमचं छोटं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बनवतो. ७५ मिमी चौकोनी बारचा ॲक्सल, त्यावर १६ मिमी प्लेटची स्प्रिंग सीट (स्प्रिंग जिच्यावर बसते ती), चारी बाजूंनी वेल्ड. ६०१३ चा ४ मिमी रॉड, १६० अँपिअर. अकरा वर्षं हेच चाललंय.

मंगळवारी संध्याकाळी तीन ॲक्सल संपवले. स्लॅग काढून मी स्वतः बघितलं, रन (वेल्डच्या ओळी) असे की बघत राहावं. रात्री नऊला शटर ओढताना आतून ‘टण्ण’ असा आवाज आला. वाटलं, एखादा पाना पडला. बुधवारी सकाळी रंगाला काढले तर दोन ॲक्सलवर केसासारखी रेघ. वेल्डमध्ये नाही बरं का. वेल्ड जिथं बारला टेकतं त्या कडेला, बारच्या अंगात, आणि तीही सीटच्या, बारला आडव्या जाणाऱ्या वेल्डलाच. ग्राइंडर मारून भरून घेतलं. गुरुवारी परत तिथंच, आता बोटभर लांब.

वेल्डरला नको ते बोललो. तो म्हणाला, “मालक, हात तोच, मशीन तेच.” परवापासून कामावर आलेला नाही. चूक नक्की कुणाची?

निवृत्त_फोरमन

पहिलं काम, त्या पोराला चहाला बोलवा. रेघ वेल्डच्या बाहेर आहे म्हणता आणि शिव्या वेल्डरला घालता?

रॉड कुठं ठेवता? कोल्हापूरचा जुलै आहे. पाकीट फोडून फळीवर टाकलं की दोन दिवसांत आवरण ओलं होतं. साखर कारखान्यात आमची सगळी रिपेरी ऑफ सीझनलाच, म्हणजे भर पावसात. ७०१८ चे, म्हणजे कमी हायड्रोजनवाले रॉड आधी ३०० ते ३५० डिग्रीला भाजायचे, मग १२० च्या ओव्हनमध्ये, आणि वेल्डरच्या हातात कामापुरतेच. रात्री ऐकलात तो पाना नव्हे. तो तडाच बोलला.

धातूवेडी

काकांचं बरोबर आहे, पण अर्धं. शिरोलीकर, बार तोच आहे का? अकरा वर्षं जे झालं नाही ते याच महिन्यात झालं, तर काहीतरी बदललेलं असणार. जुन्या बारचा तुकडा असेल तर दोन्ही ग्राइंडरवर धरा आणि ठिणग्या बघा. एमएसच्या, म्हणजे नेहमीच्या साध्या पोलादाच्या, ठिणग्या लांब सरळ रेषेत जातात. कार्बन जास्त असला की टोकाला फुलबाजीसारखी फुलं फुटतात.

शिरोलीकर

धरले. नवीन बारला दिवाळी.

आता खरं सांगतो. एक पार्टी मागं लागली होती, “ॲक्सल वाकतो, जरा मजबूत टाका.” म्हणून एप्रिलच्या शेवटी ईएन ८ चा, म्हणजे जास्त कार्बनच्या पोलादाचा, बार आणला. मजबूत बार टाकल्यावर तडा जाईल हे डोक्यातच आलं नाही, म्हणून वर लिहिलं नाही.

धातूवेडी

मग आता हिशोब लागतो.

एमएसमध्ये कार्बन फार तर ०.२३ टक्के. ईएन ८ मध्ये ०.४० च्या आसपास, वर मँगेनीज साधारण ०.८. वेल्डिंगच्या हिशोबात मँगेनीजचा सहावा भाग कार्बनमध्ये मिळवतात, म्हणजे तुमचा आकडा ०.५३. ०.४५ ओलांडलं की मी गार बारवर रॉड टेकवू देत नाही. ७५ मिमीचा बार म्हणजे उष्णता ओढणारा राक्षस. रन पुढे सरकला की मागची कडा, जी क्षणापूर्वी लाल होती, तिला तो आतून विझवतो. तेलातपाण्यात न बुडवता पाणी दिल्यासारखंच झालं. वेल्डलगतचा दोन-तीन मिमीचा पट्टा काचेसारखा कडक होतो.

त्यात हायड्रोजन. ६०१३ च्या आवरणात ओलावा आणि सेल्युलोज असतं, ते आर्कमध्ये फुटून हायड्रोजन होतो आणि वितळलेल्या लोखंडात मुरतो. काका, हा रॉड कोरडा असला तरी हायड्रोजन देतो, त्याची घडणच तशी. ७०१८ सारखा भाजून उपयोग नाही, आवरण बिघडेल. वेल्ड गार होताना हायड्रोजन त्या कडक पट्ट्यात सरकतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून संध्याकाळी सगळं छान आणि रात्री ‘टण्ण’. गरम असतानाच फाटणारा तडा वेगळा. तो रनच्या मधोमध किंवा शेवटच्या खड्ड्यात येतो आणि तिथल्या तिथे दिसतो.

तिसरा गडी ताण, आणि तो फुकट मिळतो. दर डिग्रीला पोलाद मीटरमागे १२ मायक्रॉन आखडतं. आखडू दिलं नाही, तर नुसतं १०० डिग्री गार होताना सुमारे २४० मेगापास्कल ताण भरतो. साधं एमएस २५० मेगापास्कलला कायमचं ताणलं जायला लागतं. तुमचं वेल्ड हजार डिग्रीच्या वरून उतरतं आणि चारी बाजूंनी जखडलेलं असतं. म्हणजे ट्रॉलीत उसाचं एक कांडं पडायच्या आधीच तिथे कमाल ताण बसलेला आहे.

वाठार_गॅरेज

एवढं कशाला? स्टेनलेसच्या ३१२ रॉडनं मारा. आम्ही कडक शाफ्ट तसेच जोडतो, तडा येत नाही.

धातूवेडी

रात्रीचा तडा टळेल, कारण त्या धातूत हायड्रोजन अडकून बसतो. पण बारचा कडक पट्टा आणि ताण तिथेच राहतात. बंद पडलेलं मशीन संध्याकाळपर्यंत चालू करायला ठीक. रस्त्यावरच्या ॲक्सलला मी नाही म्हणेन.

निवृत्त_फोरमन

ताई, एक शंका. स्प्रिंग ॲक्सलच्या वर बसते. भार आला की बारच्या वरच्या अंगाला दाब, ओढ खालच्या अंगाला. दाबात तडा मिटेल, वाढेल कशाला?

धातूवेडी

काका, प्रश्न आवडला. रिकाम्या ट्रॉलीतही त्या कडेला आधीचा ताण आहेच. भार आला की तो कमी होतो, चाक खड्ड्यात पडून भार उतरला की परत पूर्ण. धातूच्या दृष्टीने ही ताणातलीच ये-जा, म्हणून तडा वाढतो. ताणाचा पट्टा संपला की मंदावतो, हे खरं. पण ब्रेक मारला की बार आडवाही वाकतो, तेव्हा दाबाचा हिशोब उरत नाही.

आडव्या वेल्डची कडा किती वाईट ते मेलबर्नच्या किंग्ज ब्रिजने दाखवलं. १९६१ मध्ये खुला झाला आणि जुलै १९६२ मध्ये ४५ टनांच्या वाहनाखाली एक गाळा खचला. गर्डर उच्च ताकदीच्या पोलादाचे, आणि तडे नेमके खालच्या जोडपट्टीच्या टोकाला असलेल्या आडव्या वेल्डच्या कडेला. तिथेही ‘मजबूत’ पोलादच घेतलं होतं.

ईएन ८ च ठेवायचा असेल तर सीटच्या वेल्डच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमीपर्यंत बार २०० डिग्री तापवा. नुसती वरची कातडी तापवू नका. एलपीजी बर्नर सावकाश फिरवा, २०० चा टेम्परेचर चॉक वितळला की खरं. भाजलेला ७०१८. काम संपेपर्यंत बार त्याखाली उतरू द्यायचा नाही. संपल्यावर लगेच २५० ला दोन तास, मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये रात्रभर. आडवं वेल्ड काढूनच टाका. सीटच्या फक्त लांबीच्या बाजू वेल्ड करा, कोपऱ्याच्या अलीकडे थांबा, भार यू-बोल्टवर घ्या. दोन दिवसांनी डीपी टेस्ट (लाल द्रव मुरवून तडा दाखवणारी), त्याआधी रंग नाही. तडकलेले दोन्ही बार मात्र भंगारात. भरून घेतलेत तेव्हा त्याच जागी आणखी ताण आणि आणखी हायड्रोजन घातलात.

शिरोलीकर

एकेक बार ऐंशी किलोचा. पण भंगारात टाकले. तिसऱ्याला रेघ नव्हती, तरी त्यांच्यासोबतच टाकला.

वेल्डरच्या घरी जाऊन आलो. तो आधी काही बोलला नाही, त्याची आई बोलली. सोमवारपासून येतोय. ओव्हन जुनाच मिळाला.

आता पुढचं. त्याच ईएन ८ ची एक ट्रॉली मे महिन्यात दिली होती. तेव्हा पाऊस नव्हता, रॉड कडकडीत कोरडे होते, म्हणून ती ठीक असेल असं धरून चाललो होतो. ताईंचं ‘घडणच तशी’ वाचून झोप लागेना. शेतकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “शेणखत चाललंय राव, हंगामाच्या आधी बघू.” मीच ट्रॅक्टर घेऊन गेलो आणि ओढून आणली. रंग खरवडून डीपी मारली. डाव्या सीटला काही नाही. उजव्या सीटच्या आडव्या वेल्डखाली १४ मिमीची लाल रेघ.

निवृत्त_फोरमन

आणि अजून ऊस भरलेलाच नाही. नवा ॲक्सल घाला, पैसे मागू नका.

शिरोलीकर

नाही मागितले, काका.