आईला घेऊन एक दिवस नुसतं खानापुरात, जमेल का?

टिळकवाडीची लेक:
नमस्कार मंडळी. आईचं माहेर खानापूर. वय 74, गुडघे कुरकुरतात, पण गणपतीपासून एकच धोशा लावलाय, “एकदा मलप्रभेवर जाऊन बसूया गं.” मामा आता नाहीत, घरही विकलं, त्यामुळं टेकायला हक्काचा उंबरा उरला नाही. दिवाळी झाली की एखाद्या शनिवारी सकाळी बेळगावातून निघायचं, दिवेलागणीला परत. पेठ, नदी, चहा, बस्स. एवढ्यावर दिवस निघतो का? आणि रेल्वे बरी की बस?

गाडीवान:
दिवसभर नुसतं खानापुरात काय करणार? गाडी सांगा. हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघा, मग नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे शिलेदार संगोळ्ळी रायण्णांची समाधी. 1831 मध्ये इंग्रजांनी तिथंच फाशी दिलं त्यांना. येताना असोग्याला रामलिंग. सहाच्या आत घरात.

खानापूरकरीण:
गाडीवानभाऊ, तुमचा बेत पोराटोरांना झकास. ती माउली नदीवर बसायचं म्हणतेय आणि तुम्ही तिला तीन गावं फिरवताय!

ताई, मी हितली सून, 31 वर्षं झाली. बसनंच या. रेल्वेतनं यायला मजा येते, पण डब्याच्या पायऱ्या उंच, आईंच्या गुडघ्याला झेपायच्या नाहीत. बस 26 किलोमीटर, आणि कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, म्हणजे दोघींनाही शून्याचं तिकीट. दोघींची आधारकार्डं तेवढी घ्या. पाटी कन्नडात असते, वाचता येत नसेल तर कंडक्टरला विचारून चढा.

उतरल्यावर आधी उप्पीट-शिरा आणि चहा. घाई करू नका, पेठ सावकाश उघडते. मग आईंना पुढं चालू द्या, तुम्ही मागनं जावा. इथं अमक्याचं दुकान होतं, तिथं तमक्याचं, असं त्या सांगतील. निम्मं चुकीचं असेल, दुरुस्त करू नका.

आणि माठ घ्या. खानापूरची माती माठाला आणि कौलाला नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थासुद्धा आमच्याच गावात. थंडीत माठाला गिऱ्हाईक कमी, निवांत निवडता येतो. बोटाच्या पेरानं वाजवून बघा. टण्ण वाजला तर घ्या, भद्द वाजला तर कुठंतरी तडा आहे. बाहेरनं ऑइलपेंट मारलेला, नक्षीचा दिसेल, छान दिसतो, पण त्याच्या नादी लागू नका. माठ पाझरतो, तो पाझर वाऱ्यावर उडतो म्हणून पाणी गार होतं. रंगानं भोकंच बुजली तर गार कुठनं होणार? मी लग्नानंतर पहिला माठ असाच रंगीत घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, चार दिवसांनी त्यात तांदूळ भरून ठेवले.

दुपारी ऊन उतरू द्या, मग नदी. मलप्रभा उगवते कणकुंबीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, त्यामुळं हितं ती अजून लहान पोरगीच. पुढं नविलुतीर्थाला धरण, तिथनं कूडलसंगमला कृष्णेत. आषाढात बघाल तर लाल गढूळ, काठ सोडून चाललेली. दिवाळीनंतर मात्र निवळते, कडेला तळातले गोटे दिसतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पावसाचं शेवाळ राहिलेलं असतं, तेव्हा आईंना वरच्याच पायरीवर बसवा. दगड गार लागतो, घरनं जाडसर बसकर आणा.

गाडीवान:
वहिनी, हरलो. पण असोगा जवळच आहे हो, रिक्षानं होईल. तिथंही काठावर बसताच येतं.

खानापूरकरीण:
हे बरं बोललात. पण आईंनी स्वतः विचारलं तरच. नाहीतर नाही.

टिळकवाडीची लेक:
वहिनी, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. माठाशी आल्यावर हसली. म्हणाली, “आमच्याकडं नवा माठ दोन रात्री भरून ठेवायचे, ते पाणी तुळशीला.” मग म्हणाली, घाटावर ती कपडे धुवायला जायची तेव्हा तिच्या आजीची एक ठरलेली शिळा होती, दुसऱ्या कुणी बसलं तर आजी भांडायची. ती शिळा अजून असेल का, विचारतेय. मी काय सांगू! असोग्याचं नाव तिनं काढलं नाही.

एकच शंका उरली. माठ बसमधनं आणायचा कसा?

खानापूरकरीण:
मांडीवर. खाली ठेवलात तर पहिल्याच खड्ड्याला गेला. तोंडात जुनं लुगडं कोंबा, खिडकीकडची जागा धरा, आणि आईंच्या नको, तुमच्या मांडीवर.