मदत हवी आहे: सर्व्हर चालू, पण पान उघडत नाही (४०३)

घाईत
पायथनमध्ये वेबचं पहिल्यांदाच काही करतोय. टर्मिनलवर ‘रनिंग’ आलंय, ब्राउझरमध्ये मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’, ४०३. कोड ट्युटोरियलमधून जसाच्या तसा घेतलाय. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

निवांत
फ्रेमवर्क कुठलं? मशीन कुठलं? ब्राउझरमध्ये पत्ता काय टाकताय?

घाईत
फ्लास्क. पत्ता नेहमीचाच.

कोडगा
फ्लास्क सोडा, जँगो घ्या. लॉगिन, ॲडमिन, डेटाबेस सगळं आयतं मिळतं.

तळटीप
एका पानासाठी जँगो? डास मारायला तोफ!

कोडगा
आज एक पान. उद्या लॉगिन लागलं की बसा ठिगळं लावत.

जुनाखोंड
फाइलचं नाव ‘फ्लास्क’ ठेवलंय का? मग पायथन खऱ्या फ्लास्कऐवजी तुमचीच फाइल इंपोर्ट करतो.

तळटीप
तसं असतं तर सर्व्हर सुरूच झाला नसता हो, आधीच इंपोर्ट एरर आली असती.

शंकासुर
‘हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे’ या वॉर्निंगला घाबरू नका. साइट खरोखर चढवाल तेव्हा गुनिकॉर्न किंवा वेट्रेससारखा पक्का सर्व्हर वापरा.

घाईत
वॉर्निंगचं मी विचारलंच नाहीये!!

निवांत
पान रिफ्रेश केल्यावर टर्मिनलमध्ये ‘गेट’ची (पानाची मागणी आल्याची) नवी ओळ येते का?

घाईत
नाही. काहीच येत नाही. मॅक आहे, लोकलहोस्ट:५००० टाकतोय.

निवांत
हे आधी सांगायचं ना! ओळ येत नाही म्हणजे रिक्वेस्ट (पानाची मागणी) फ्लास्कपर्यंत पोचतच नाहीये, ४०३ दुसरंच कोणीतरी देतंय. मॅकओएस माँटेरीपासून (२०२१) एअरप्ले रिसीव्हर (आयफोनवरचा व्हिडिओ-आवाज मॅकवर घेणारी सोय) ५००० पोर्ट, म्हणजे पत्त्यातलं ‘:’नंतरचं दार, अडवून बसतो. फ्लास्क असतो फक्त १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःसाठीचा जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ पत्ता). ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की ब्राउझर बहुधा आधी आयपीव्ही६च्या (नव्या पद्धतीच्या) पत्त्यावर जातो आणि तिथे एअरप्ले भेटतो. १२७.०.०.१:५००० टाकून बघा. नाहीतर सर्व्हर ५००१ वर चालवा, किंवा सेटिंग्जमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद करा.

कोडगा
जँगो ८००० वर चालतं. ही भानगडच नसती.

घाईत
१२७ वाल्याने उघडलं!! आता हेच फोनवर कसं दाखवू?

तळटीप
होस्ट ०.०.०.० द्या (म्हणजे बाहेरच्या मशीनलाही पोचता येईल), पोर्ट ५००१ करा, आणि त्याच वायफायवरच्या फोनमध्ये मॅकचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे :५००१ टाका. डिबग मोड (चुका शोधायची सोय) मात्र बंद करा, त्यातल्या डिबगरमधून दुसऱ्याला तुमच्या मशीनवर कोड चालवता येऊ शकतो.

शंकासुर
म्हणून म्हणत होतो, गुनिकॉर्न वापरा.