स्काउटमधलं शिकणं घरात शिरलं तेव्हा : इंदूरकरांचा अनुभव धागा

मुलगा कब (म्हणजे छोटा स्काउट) झाला त्याला आता दोन वर्षं होतील. सुरुवातीला मला वाटायचं, गणवेश, स्कार्फ, सलाम आणि प्रार्थना, एवढाच कार्यक्रम. मग एका संध्याकाळी त्याने माझी ओढणी मागितली, मला स्टुलावर बसवलं आणि माझा धडधाकट हात गळ्यात बांधून टाकला. गाठ मारताना पुटपुटत होता, "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर." ही म्हणे डॉक्टरी गाठ. सपाट बसते, टोचत नाही, आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की सुटते. मी आजवर परकराच्या नाडीपासून पार्सलच्या सुतळीपर्यंत दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेत आले. त्यामुळे गाठ एक तर आपोआप सुटायची, नाहीतर दातांनी सोडवावी लागायची. वय वर्षं एकेचाळीस, आणि कारण आत्ता कळलं!

गाठ मानेच्या मागे नको, बाजूला हवी, मागे असली की टोचते, हेही त्यानेच सांगितलं. मी लगेच सवयीने दुसऱ्या हाताने नीट करायला गेले तर ओरडला, "आई, हात मागे. तू पेशंट आहेस."

हा धागा त्यासाठीच काढला आहे. कब-बुलबुल (छोटी मुलं-मुली) असोत की मोठे स्काउट-गाइड, मुलांनी हाताने काही केलं आणि त्यात घरच्यांचेही हात गुंतले, असं काही घडलं असेल तर लिहा. फसलं असेल तर आधी ते लिहा. प्रमाणपत्रांचे फोटो नकोत. (1907 मध्ये स्काउटचा संस्थापक बेडन-पॉवेलने इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, तेव्हा बरोबर एकही आई नव्हती, असं घरात मला रोज ऐकवलं जातं. तेव्हा तेही नको.)

सुदामा नगर, दोन स्काउटांचे बाबा

आमचं फसलेलंच आहे. मुलांच्या टोलीला (स्काउटांच्या छोट्या गटाला) "बिना बर्तन भोजन" करायचं होतं, म्हणजे तवा, कढई, परात काहीच नाही. म्हटलं आधी घरच्यांनी एकदा करून बघू. चोरलच्या बाजूला गेलो, बरोबर आई. आई मूळची अमरावतीकडची, तिने घरातूनच जाहीर केलं की पानात गुंडाळून भाजायचे पानगे करायचे. पळसाची पानं वाटेत मिळाली.

कणीक कशात भिजवणार हा माझा प्रश्न होता. धाकट्याने पिठाची पिशवी उघडली, पिठातच मधोमध खळगा केला, त्यात बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतलं आणि बोटांनी तेवढंच पीठ ओढत गोळा केला. पिशवी खाली कोरडीच. आई बघत राहिली. तिला परातीशिवाय कणीक भिजलेली बघायची सवय नाही.

पुढचा घोळ माझा. गोवऱ्या मी आणल्या होत्या आणि त्या पुरत्या वाळलेल्या नव्हत्या. धूर इतका, की आम्हा चौघांचेही डोळे वाहत होते. शेवटी एकदाचा जाळ धरला तर मी घाई केली, पानगे सरळ ज्वाळेत. दहा मिनिटांत पान कोळसा, वरून काळं, आत कच्चं पीठ. आई म्हणाली, "अरे, जाळात नाही, निखाऱ्यात. राख पांघरायची आणि विसरून जायचं." दुसरी खेप तिच्या पद्धतीने झाली. जाळ पूर्ण बसू दिला, गरम राखेत पुरले, मधे एकदा उलटले. पान काढल्यावर पानाच्या शिरांची नक्षी पानग्यावर उमटलेली. वरणाला भांडं लागतं म्हणून वरण नाही. तूप, गूळ आणि भाजलेलं वांगं. तूप घरून डब्यात नेलं होतं, त्यावरून दोघा पोरांनी "हे बाद" म्हणून वाद घातला. मी अपील फेटाळलं.

ता. क. झाबुआ-अलिराजपूरकडे मक्याचे पानिये करतात ते रुईच्या पानांत. त्यांना वर्षानुवर्षांचा हात आहे. मुलांकडून रुईची पानं तोडवू नका, चीक डोळ्यात गेला तर पंचाईत.

नाव नको, राजेंद्र नगर

मी कबुली द्यायला आले आहे. लेकीची लॉगबुक मी भरते. शाळेतून आदल्या रात्री निरोप येतो, सकाळी तपासणी. मग मी बारापर्यंत झेंड्याची चित्रं रंगवते, गाठींचे दोरे सेलोटेपने चिकटवते. माझ्या गाठी सुंदर आहेत. तिला एकही येत नाही. वरचा ओढणीचा किस्सा वाचून पोटात कालवलं. एवढंच.

लोकमान्य नगर, कॉलनीतला हौशी काका

माझी स्वतःची मुलं मोठी झाली, पण कॉलनीतल्या सहा-सात कब-बुलबुलांना घेऊन उद्योग चालू असतात. मागच्या डिसेंबरात खोजचिन्हांचा खेळ ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाटेवर दगड, काड्या, गवत यांच्या खुणा करत एक टोळी पुढे जाते, दुसरी मागून शोधत येते. बाण म्हणजे इकडे, फुली म्हणजे ही वाट नाही, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलची कबर आहे, तिच्या दगडावर हेच शेवटचं चिन्ह कोरलंय. हे सांगितल्यावर पोरं क्षणभर गप्प झाली, मग एकाने विचारलं, "म्हणजे शोधायचं थांबवायचं ना?"

तर शनिवारी संध्याकाळी मोठ्या मुलांनी झकास वाट मांडली. बागेपासून दत्ताच्या देवळापर्यंत एकोणीस खुणा. रविवारी सकाळी सात वाजता लहान टोळी निघाली आणि पहिल्या बाणानंतर काही नाहीच. रस्ता आरशासारखा. भिया, हे इंदूर आहे! रात्रीतून झाडून साफ.

मी खेळ गुंडाळणार होतो. पण एका आठ वर्षांच्या बुलबुलने कोपऱ्यावरच्या झाडूवाल्या मावशींना गाठलं. मावशींना सगळं आठवत होतं. "तीन तीन दगड लावून कुणी ठेवले होते, वो उधर नाली के पास। पण त्या लिंबाखाली गवताला गाठ मारलेली, ती मी नाही काढली, म्हटलं कुणाचा नवस असेल." त्या गाठीवरून, एका न पुसलेल्या खडूच्या फुलीवरून आणि मावशींच्या आठवणीवरून पोरांनी अकरा खुणा जुळवल्या. देवळापाशी पोचायला दीड तास लागला, पण पोचले. मावशींना आम्ही पोहे-जिलबीला थांबवून घेतलं. त्या दिवसापासून त्या टोळीत आहेत असंच पोरं धरून चालतात.

विजय नगर, स्काउटचा मामा

माझा प्रांत आकाश आणि सावल्या. बाकी मला गाठ येत नाही.

भाच्याला दिशा काढायच्या होत्या. एप्रिलमध्ये गच्चीवर काठी रोवली, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका. त्याची अपेक्षा अशी की बाराला सावली सगळ्यात लहान. बारा वाजले, सावली अजून आखडतेच आहे. सव्वाबारा, तरी आखडतेच. साडेबाराच्या आसपास ती वळली. तो म्हणाला, घड्याळ चुकलं. घड्याळ बरोबर होतं. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आपण जवळपास 76 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली दुपार घड्याळाच्या सुमारे सव्वीस मिनिटं मागे. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण खडूच्या ठिपक्यांत बघितलं नव्हतं. ठिपके दोन पावसाळे टिकावेत म्हणून त्याने वर ऑइल पेंट मारलाय. ताई अजून बोलत नाही माझ्याशी.

दुसरा उद्योग ध्रुवताऱ्याचा. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुलाची मूठ लहान पण हातही आखूड, म्हणून हिशोब तोच राहतो. क्षितिजावर पहिली मूठ, तिच्यावर दुसरी, असं चढत जायचं. इंदूरहून ध्रुव दोन मुठी आणि वर एखादं-दीड बोट. त्याच रात्री फोन लावून त्याच्या पुण्याच्या मावसबहिणीला गच्चीवर पिटाळलं. तिच्या दोन मुठी पुऱ्या भरेनात, तारा दुसऱ्या मुठीच्या आतच लपला. दोघं फोनवर भांडायला लागली की तुझी मूठ चुकते. मी म्हटलं, ॲटलास काढा. इंदूर 22.7, पुणे 18.5. ध्रुव जेवढा वर तेवढाच आपला अक्षांश. पाच मिनिटं शांतता, मग भाचा: "म्हणजे विषुववृत्तावर तो जमिनीवर टेकेल?" हो.

एक सूचना, विजय नगरच्या दिव्यांत ध्रुव सापडायला घाम फुटतो. सप्तर्षीचे पुढचे दोन तारे धरून, त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे जा.

अन्नपूर्णा रोड, बुलबुलची आई

आमचं छोटंसंच. सिरपूर तलावावर पक्षी मोजायला गेलो. 2022 मध्ये तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला तेव्हापासून लेकीचं रेटणं चालू होतं. एक दुर्बीण, पाच माणसं. नवऱ्याने तासाभरात एकवीस टिटव्या मोजल्या, लेकीने चार. त्याची एकच टिटवी पाच वेळा उडून परत आली होती. वहीत चार लिहिलं.

मालवा मिल परिसर, गाइडची आत्या

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे वडील, म्हणजे भाचीचे आप्पा, हुकुमचंद मिलमध्ये विणकर होते. 1991 च्या डिसेंबरात मिल बंद पडली. त्यानंतर ते मागाबद्दल फारसं बोलत नाहीत. आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात थोडे थरथरतात, चहाची बशी वाजते.

भाची प्रथम सोपान या गाइडच्या परीक्षेची तयारी करत होती. दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर जोडायची गाठ, शीट बेंड. हिंदीत जुलाहा गाँठ. पुस्तकातल्या चित्रात बाण इतके, की कुठला दोर वर आणि कुठला खाली तेच कळेना. तीनदा सुटली. ती चिडून मोठ्याने वाचत होती, "जुलाहा... जुलाहा..." आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "धागा आण. दोर नको."

शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा दिला. त्यांनी तो तोडला, दोन्ही टोकं डाव्या हाताच्या अंगठ्याखाली फुलीसारखी धरली, एका धाग्याचा फेरा अंगठ्याच्या नखावरून मागे नेला, दुसरं टोक त्या फेऱ्यात खाली दाबलं आणि ओढलं. झालं. आम्ही कुणीच बघितलं नाही, इतकं पटकन. हात थरथरला नाही. पुन्हा केलं, पुन्हा दिसलं नाही. भाची म्हणाली, "आप्पा, हळू." त्यांना हळू येईना. हळू करायला गेले की मधेच अडकायचे, बोटांना सवय एकाच वेगाची. मग त्यांनी तिच्या मागे बसून, तिचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून, तिच्याच हाताने करवली. बाराव्या-तेराव्या वेळेला तिची एकटीची बसली.

मग बोलायला लागले. ताण्याचा (उभा) धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की कापड थांबतं. गाठ अशी बारीक हवी की मागाच्या फणीतून न अडखळता निघून जावी, कापडात हाताला लागू नये. "लागली तर माल परत." त्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत बोलत होते. भाचीने वहीत गाठीच्या चित्राखाली फणी काढली आणि "उपयोग" या रकान्यात लिहिलं : माग थांबू नये म्हणून.

धागाकर्ती

मालवा मिलच्या आत्या, आप्पांच्या हातांचा व्हिडिओ मिळेल का? आमच्या कबांना दाखवायचा आहे. आणि राजेंद्र नगरच्या ताई, लेकीला घेऊन या ना एकदा.

मालवा मिल परिसर, गाइडची आत्या

विचारलं. म्हणाले, व्हिडिओत काय दिसणार, मलाच दिसत नाही. रविवारी चारनंतर मुलांना घेऊन या म्हणाले. येताना दोरा आणा, जाड नको, दहा नंबरचा. आणि आईबाबा आले तरी चालतील, फक्त हात लावू नका म्हणावं.