लीड्समधली केळ नोव्हेंबरात हलवायची आहे, गड्डा कसा जगवावा?

नमस्कार मंडळी,

आमची केळीची बाग कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठाला. तीस वर्षं केळ करतोय, पण हिमातली केळ मी कधी सांभाळलेली नाही. थंड देशात बागकाम करणाऱ्या कुणीतरी सांगावं.

थोरली लेक इंग्लंडात लीड्सला असते. तिच्या परसात बास्जू जातीची केळ आहे. ही जात मूळची दक्षिण चीनकडची, थंडी सोसणारी. फळात बियाच फार, खाण्याजोगं नसतं. पण नातू झाला त्या साली लावलेली, बुडाला आता तीन मुनवे, म्हणजे पिल्लं, आलेत. घर बदलताना ती मागं सोडायला लेक तयार नाही, आणि मलाही ते बघवणार नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर तिनं दाखवली. एका रात्रीच्या हिमानं पानं उकडल्यासारखी काळी पडून खोडाला लोंबत होती. देठ कापला तर आत अजून पांढराशुभ्र, पाणी टपकत होतं.

खोड गेलं तरी मला घोर नाही. ते म्हणजे नुसती एकावर एक सोपटं, पानांची बुडं गुंडाळलेली. कमळ, म्हणजे केळफूल, निघायची वेळ येईपर्यंत कोंब खाली गड्ड्यातच असतो. भीती आहे ती ओलीची. २०१९च्या महापुरात आमची बाग आठ दिवस पाण्यात होती. नंतर गड्डे उपसले तर हाताला चिखलासारखे लागले, आणि तो वास! लीड्सला हिवाळाभर पाऊस, त्यात गार माती. तिथं आत्ता लावली तर मुळं धरणार कशी?

जागा बदलायची नसती तर खोड कमरेएवढं ठेवून, भोवती जाळी उभारून आत पेंढा भरला असता, वरून पाणी जाऊ नये म्हणून झाकण. आपण उसात पाचट पसरतो तसंच. पण घर सोडायचंय. म्हणून माझ्या मनात असं आहे: मातीच्या गोळ्यासकट गड्डा काढायचा, खोड दोन फुटांवर छाटायचं, कुंडीत बसवून गॅरेजमध्ये ठेवायचं आणि मेमध्ये जमिनीत लावायचं.

गॅरेजमध्ये ५ ते १० अंश असतं, उजेड नाही. चालेल का? पाणी अजिबात तोडावं की महिन्यातून तांब्याभर द्यावं? आणि मुनवे आत्ताच फोडावेत का? इथं मी पहारीनं सरळ फोडतो, पण त्या थंडीत जखम सुकायच्या आधी कुजेल असं वाटतं. मेपर्यंत आईलाच लागून ठेवले तर?

नव्या घराची किल्ली अकरा दिवसांनी मिळणार आहे. त्याआधी कळलं तर लेकीला तसं सांगतो. गड्ड्याचा फोटो उद्या टाकतो.